घरबसल्या बिंगो : सहभागाचा एक विचार

'प्रेक्षकांचा सहभाग' हा शब्दप्रयोग अलीकडे इतक्या सैलपणे केला जातो की, त्याचा अर्थ एकदा तपासून घेणे आम्हांस आवश्यक वाटते. नाट्यप्रयोगाचे परीक्षण असो, संमेलनाचा अहवाल असो की दूरचित्रवाणीवरील एखाद्या खेळाची जाहिरात असो, सहभाग हा सर्वत्र निर्विवाद गुण मानला जातो. त्या नावाखाली प्रेक्षकाला नेमके काय दिले जाते आणि त्याच्याकडून काय काढून घेतले जाते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. तसे विचारण्यास दूरचित्रवाणीवरील बिंगो हे फार सोयीचे उदाहरण आहे. विषय कोणास क्षुल्लक वाटेल; परंतु लक्षावधी लोक ज्या करमणुकीपुढे बसतात ती टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

अमेरिकेतील एबीसी वाहिनीने मे 2007 मध्ये 'नॅशनल बिंगो नाइट' हा कार्यक्रम सुरू केला. एड सँडर्स हे त्याचे सूत्रसंचालक होते. एका प्रचंड गोलातून आकड्यांचे चेंडू एकामागून एक बाहेर येत. प्रेक्षागृहातील प्रत्येकाच्या हाती बिंगोचे कार्ड असे आणि मंचावर एकटा स्पर्धक उभा असे. प्रेक्षागृहात कोणाचेही बिंगो होण्याआधी त्याने आपले उद्दिष्ट गाठले तर तो जिंके, नाहीतर हरे. घरी बसलेल्यांना वाहिनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य कार्ड छापून घेऊन खेळता येत असे. काही आठवड्यांतच हा कार्यक्रम बंद पडला. पुढे जानेवारी 2010 मध्ये त्याचा भारतीय अवतार 'कलर्स' या हिंदी वाहिनीवर आला व त्याचे सूत्रसंचालन अभिषेक बच्चन यांनी केले.

मूळ खेळ आपल्याकडे अपरिचित नाही. अमेरिकन बिंगोत 1 ते 75 आकडे असतात, कार्डावर पाच ओळी व पाच स्तंभ असतात आणि मधला चौकोन मोकळा सोडलेला असतो. आपल्याकडील तंबोला किंवा हाऊजी ही ब्रिटिश वळणाची. तीत 1 ते 90 आकडे आणि तिकिटावर तीन ओळींत मिळून पंधरा आकडे. गोव्यातील मैदानांवर, वसाहतींच्या गणेशोत्सवांत, कोजागिरीच्या रात्री हा खेळ रंगतो, तो आकड्यांमुळे नव्हे. आकडा पुकारणारा आणि तो ऐकणारे यांच्यात चाललेल्या देवघेवीमुळे तो रंगतो. कोणी आकडा पुन्हा सांगावयास लावतो, कोणी 'हलवा, नीट हलवा' म्हणून ओरडतो. 'झाले!' अशी आरोळी उठली की सारा खेळ थांबतो आणि तिकीट तपासले जाते. खोटी आरोळी ठरली तर 'बोगी' म्हणून ते तिकीट बाद होते आणि त्या फजितीवर चार घटका हशा चालतो. म्हणजे या खेळाचा प्राण आरोळीत आहे. खेळाडूच्या हाती असलेली ती एकच कृती. पण ती चालू खेळ थांबवते.

दूरचित्रवाणी नेमकी हीच कृती हिरावून घेते. घरातल्या खेळाडूने कितीही मोठ्याने 'बिंगो' म्हटले तरी पुढचा चेंडू यावयाचा तो येतोच. यात कोणाची लबाडी नाही. हे गणितच आहे. मधला चौकोन मोकळा असल्यामुळे पहिल्या चार आकड्यांतच एखादी ओळ पुरी होणे शक्य असते, आणि एका कार्डापुरता तो योग सुमारे तीन लाख चार हजारांत एक एवढा असतो. घरोघर मिळून दहा लाख कार्डे खेळत असली, तर चौथ्याच चेंडूला सरासरीने तिघांचे बिंगो व्हावयाचे. त्यांच्यासाठी खेळ थांबवला तर कार्यक्रम सुरू होताच संपेल. म्हणून घरच्या विजयाची नोंद पडद्याबाहेर कोठेतरी होते आणि पडद्यावरील खेळ आपल्या वाटेने पुढे जातो. संगीत नाटकाच्या काळी 'वन्स मोअर' होताच गायकनट पद पुन्हा गात असे. प्रेक्षकाचा तो उद्गार प्रयोगाचा क्रम बदलीत असे. घरच्या बिंगोत प्रेक्षकाला पेन्सिल मिळते, पण आवाज मिळत नाही.

बरे, खेळाडूपण नाही तर निदान प्रेक्षकपण तरी त्याला पुरते लाभते काय? येथे आपल्या काव्यशास्त्राची मदत घेणे अप्रस्तुत होणार नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेल्या मनाचे साधारणीकरण होत नाही, आणि त्यावाचून रस नाही. बिंगोच्या कार्यक्रमात मंचावरील स्पर्धकाची धडपड हा नाट्याचा भाग. पण घरच्या प्रेक्षकाच्या हाती कार्ड आहे. त्याला बेचाळीस हवा आहे. बेचाळीस आल्याने स्पर्धकाचे काय होईल, इकडे त्याचे लक्ष राहत नाही. त्याची दृष्टी पडद्यावरून कागदावर आणि कागदावरून पडद्यावर अशी सारखी फिरत राहते. या खेळाला वस्तुतः कानच पुरेसा आहे. पाहण्यासारखे त्यात काही नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी गोल, दिवे आणि एकटा स्पर्धक यांची योजना केली गेली, आणि त्याच वेळी प्रेक्षकाच्या हाती कार्ड देऊन ती योजना निष्फळ करून टाकली. हा रचनेतलाच दोष आहे. सूत्रसंचालकाच्या कौशल्याने तो झाकला जाणे कठीण.

हाच दोष टाळणारे कार्यक्रम झाले आहेत. बीबीसीवर 1984 ते 1990 या काळात बॉब मंकहाऊस यांनी सादर केलेल्या 'बॉब्स फुल हाऊस'मध्ये बिंगोचे कार्ड फक्त स्पर्धकांपुढे असे. प्रश्नाचे उत्तर बरोबर आले की त्यावर आकडा उजळे. घरचा प्रेक्षक कार्डावाचून, पण मनापासून खेळात असे, कारण प्रश्न सर्वांना एकच होता. आपल्याकडे 2000 साली सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'तही हेच दिसते. एका प्रश्नावर सारे घर वाद घालते, आणि उत्तर चुकले तरी वाद खरा असतो. बिंगोत मात्र प्रत्येकाचे कार्ड निराळे, म्हणून एका खोलीतील चौघेही एकेकटे. 2004 साली सुरू झालेल्या मराठीतील 'होम मिनिस्टर'ने तर उलटा मार्ग धरला. आदेश बांदेकर प्रेक्षकाच्या घरीच गेले आणि घराचाच रंगमंच झाला. त्या कार्यक्रमाच्या अभिरुचीविषयी मतभेद असू शकतील. पण तेथे गृहिणी बोलत होती आणि तिचे बोलणे ऐकले जात होते, हे नाकारता येणार नाही.

घरबसल्या बिंगोच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यात पंडित आणि निरक्षरप्राय मनुष्य यांना समान संधी आहे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला पुढच्या आकड्याची वाट पाहण्याचे निमित्त मिळते, आणि हे निमित्त लहान नव्हे. विनामूल्य कार्डात पैसा पणास लागत नसल्यामुळे त्याला सरसकट जुगार म्हणणेही अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप नीतीचा नाही. त्या वृद्धाला जे वाट पाहणे मिळाले त्याला सहभाग म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. कारण त्याने कार्ड बाजूला ठेवून दिले असते तरी पडद्यावर काहीही निराळे घडले नसते.

हीच कसोटी आम्ही इतरत्रही लावू इच्छितो. ज्या वर्गात शिक्षक उत्तरे पुकारतात आणि विद्यार्थी रिकाम्या जागा भरतात, तेथे सर्वांचे हात चालू असतात. पण एखाद्या मुलाच्या शंकेने धडा क्षणभरही थांबत नसेल, तर तो वर्ग आणि घरबसल्या बिंगो यांत फारसा भेद नाही. ज्या सभेत श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा होतात आणि वेळेअभावी तशाच राहतात, तिचीही गत तीच. श्रोत्याच्या हाती काय दिले हे पाहण्यापेक्षा, त्याने आवाज दिला तर कोण थांबते, हे पाहावे. अध्यापनाचे आणि सभासंमेलनांचे काम करणाऱ्या आपणा सर्वांना ही कसोटी प्रथम स्वतःस लावून पाहता येईल.