प्राणवायू किती द्यावा?

विल्यम सिल्व्हरमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९८० साली ‘रेट्रोलेंटल फायब्रोप्लेशिया : अ मॉडर्न पॅरेबल’ हे पुस्तक लिहिले. १९४० नंतर अपुऱ्या दिवसांची मुले काचेच्या पेटीत, भरपूर प्राणवायूवर जगू लागली; पण १९५३ पर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. अशा मुलांच्या डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. जादा प्राणवायूने ती वाढ खुंटते, पुढे वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा सुटू शकतो.

पुस्तकातील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे लेखकाने दिलेली स्वतःच्या चुकीची कबुली. त्यांनी ३१ मुलांना एसीटीएच हे संप्रेरक दिले. २५ मुले चांगल्या दृष्टीने घरी गेली. औषध लागू पडले असे कोणालाही वाटावे. मग कोणाला औषध द्यायचे हे दैवगतीने ठरवून तुलना केली, तेव्हा औषधाने अंधत्व कमी होत नव्हते. उलट त्या गटात मृत्यू अधिक झाले. बरीच मुले आपोआपच बरी होत होती!

१९५३-५४ मध्ये अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत प्राणवायूचा दोष सिद्ध झाला. सगळीकडे त्याला कात्री लागली. अंधत्व घटले, पण श्वासाअभावी मुले दगावू लागली. लेखक हेही लपवत नाहीत.

आमचा आक्षेप आहे तो ‘बोधकथा’ या शब्दाला. बोधकथेला एकच तात्पर्य असते : आधी पडताळा, मग वापरा. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. २०१० मध्ये अमेरिकेत, २४ ते २७ आठवड्यांच्या १,३१६ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. रक्तातील प्राणवायूची पातळी कमी राखलेल्या गटात जगलेल्यांपैकी ८.६ टक्के मुलांना तीव्र नेत्रविकार झाला, जास्त पातळीच्या गटात १७.९ टक्के. मृत्यू मात्र अनुक्रमे १९.९ आणि १६.२ टक्के. पडताळणी चोख झाली, तरी जीव आणि दृष्टी यांचे माप एकाच तराजूत कसे घालायचे, हे आकडे सांगत नाहीत. तिथे आईबापांना विचारावेच लागते, आणि त्याआधी त्यांना हे आकडे समजतील असे सांगावे लागतात.

वर्गात हे पुस्तक सांगताना प्रथम फक्त ‘३१ पैकी २५’ एवढेच फळ्यावर लिहावे. औषध गुणकारी आहे का, हे मुलांना विचारावे. तुलनेला दुसरा गट कुठे आहे, असे एखादी मुलगी विचारेल. तिथून पुढचे शिकवणे सोपे आहे.