स्थानपोथी आणि कल्पित भूमीची पुरवणी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. काय घडते ते बोलण्यातून ठरते व संशयाच्या जागी फासे टाकले जातात. या खेळाच्या आश्रयाने लवकरच एक लेखनप्रकार वाढला, त्याला येथे 'भूमिपुरवणी' म्हणू. तीत एखाद्या कल्पित प्रदेशाचे नकाशे, नगरे, राजवंश, देवता, ओसाड गढ्या आणि लोकप्रवाद दिलेले असतात, पण कथानक नसते. कथानक खेळणाऱ्यांनी उभे करावयाचे असते. आपल्या समीक्षेने या लेखनाला बालरंजनाच्या कप्प्यात टाकले आहे. परंतु कथनाविना स्थळ कसे लिहिले जाते, हा प्रश्न ज्या भाषेने सातशे वर्षांपूर्वी हाताळला, तिच्या अभ्यासकांनी तरी असा आळस करू नये.

या पुरवण्यांविषयी त्यांच्या चाहत्यांत जी मते आढळतात ती बहुधा दोन कसोट्यांवर उभी असतात. एक कसोटी संपूर्णतेची, म्हणजे पुरवणीने किती नगरांची व किती शतकांची माहिती दिली. दुसरी वाचनीयतेची, म्हणजे ती कादंबरीसारखी वाचता येते की नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही कसोट्या उसन्या आहेत. पहिली कोशाची आहे, दुसरी कादंबरीची. 1980 साली निघालेली ग्रेहॉकची पहिली पुरवणी अवघ्या 32 पृष्ठांची होती आणि तिच्यासोबत मोठे नकाशे होते. एकेका राज्याला काही ओळी मिळालेल्या, पुढचे सारे मोकळे. उलट, 1987 मध्ये पेटीरूपाने आलेल्या 'फरगॉटन रेल्म्स'वर पुढे पुस्तकांमागून पुस्तके रचली गेली. परिणाम असा की सूत्रधाराला आपल्या मनाने एखादे गाव वसवायचे तर आधी कोणा ग्रंथाने त्याला हरकत तर घेतलेली नाही ना, हे पाहावे लागावे. संहितेतील अनिश्चित जागांविषयी रोमान इनगार्डन आणि त्याच्यानंतर वोल्फगांग इझर यांनी जे मांडले ते कादंबरीवाचकाच्या संदर्भात होते, आणि तो वाचक रिक्त जागा मनातल्या मनात भरतो. पुरवणीच्या वाचकाला ती चारचौघांसमक्ष, मोठ्याने आणि तत्काळ भरावी लागते. म्हणून येथे रिक्त जागा हा केवळ वाचनाचा परिणाम नव्हे, ते लेखकाचे मुख्य काम आहे.

आता मराठीतील नमुना पाहू. महानुभावांची 'स्थानपोथी' चौदाव्या शतकातील मानली जाते. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, जेवले, निजले त्या स्थानांची ती नोंदवही आहे. तिची संपादित आवृत्ती मलकापूरच्या अरुण प्रकाशनाने काढली आणि तिचे संपादक वि. भि. कोलते हे जन्माने बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे, हा योगायोग सुखद आहे. या पोथीत लीला सांगितलेली नाही. लीला 'लीळाचरित्रा'त आहे. पोथी सांगते ते एवढेच, की देऊळ कोणत्या तोंडाचे, त्याच्या कोणत्या अंगाला मठ, आसन कोठे, वसती कोठे, आणि परिश्रय, म्हणजे देहधर्माला जाण्याची जागा, तीही कोठे. वर्णनाला रंग नाही, विशेषणे जवळपास नाहीत. तरीही लीळाचरित्र परिचित असलेल्या वाचकाला ही रुक्ष दिशादर्शक वाक्ये विलक्षण भारलेली वाटतात, कारण प्रत्येक दाराआड एक प्रसंग उभा आहे. गद्याने काही न सांगता इतके सूचित करावे, ही किमया आपल्या शैलीविचाराने अद्याप पुरती मोजलेली नाही. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (2003) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्थळे परस्परांशी कशी जोडली जातात याचा विचार केला आहे, पण त्यांचा रोख धर्मभूगोलाकडे आहे, गद्याकडे नाही.

साम्य येथपर्यंतच आहे. स्थानपोथीतील जागा घडून गेलेल्या कृतीकडे वळलेली असते. तिच्यापुढे भक्त नमस्कार करतो आणि तिच्यात नवे काही घडविण्याचा अधिकार त्याला नाही. पुरवणीतील जागा न घडलेल्या कृतीकडे तोंड करून असते. पहिलीत मौन असते ते सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचे, दुसरीत कोणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीचे. वरवर सारखी दिसणारी ही दोन मौने एकच समजणे ही मोठी चूक होईल, आणि लोणारसारखे स्थळ खेळाच्या भूमीत उचलून नेऊ पाहणाऱ्याने तरी ती करू नये.

लोणारचा मोह कोणालाही पडेल. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे बसाल्टातील विवर, तळाशी खारे पाणी, काठाशी कमळजा देवी, गावात दैत्यसूदनाचे मंदिर. कथा सांगते की लवणासुर भूमिगत बिळात दडला होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतले, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवले आणि दैत्याला मारले. दूरची एक टेकडी हे ते झाकण, आणि सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त. भूविज्ञान म्हणते, उल्कापात. त्याचा काळ आधी सुमारे 50 हजार वर्षांपूर्वीचा मानला जाई, पुढे आर्गॉन-कालमापनाने तो साडेपाच लाखांच्या पलीकडे नेला. महानुभावांच्या लेखी हेच स्वामींच्या वास्तव्याचे स्थान. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा तपासणीत त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीव निघाले. तथापि रक्ताची कथा त्यामुळे मागे हटली नाही. ही सारी लोणारची वृत्ते एकमेकांना खोडून न काढता एकाच काठावर नांदतात.

पुरवणीचे ठरीव तंत्र नेमके येथेच तोकडे पडते. 1980 च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये इंद्र, विष्णू, काली यांना बळाचे आकडे दिलेले आहेत. कोणावर किती घाव घातले म्हणजे तो मरेल, याचा हिशेब! यातील अनादराबद्दल आक्षेप घेतले जातात ते समजण्यासारखे आहेत, पण वाङ्मयीन आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडा सत्य एकच ठरवतो. त्या पद्धतीने लवणासुराला आकडा मिळाला की उल्का खोटी पडते आणि स्वामींचे आसन केवळ सजावट उरते. हे अटळ नाही, याचा पुरावा ग्लोरांथा. ग्रेग स्टॅफर्डच्या त्या भूमीवरील 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' (1979) प्रत्येक संप्रदायाचे जग त्या संप्रदायाच्या दृष्टीने सांगते आणि निवाडा देत नाही. अशी धारणा पुरवणीच्या रूपाला परकी नाही. आळसामुळे ती विरळ आहे इतकेच. मीमी मंडल यांनी 2022 च्या 'जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल'मध्ये बंगालच्या छायेतील एक भूमी रचली. मराठी भूमीसाठी कोणी तसे करू धजले तर त्याने आधी स्थानपोथीचे गद्य शिकावे, आणि कमळजेच्या काठावर नवस फेडायला आलेली बाई ही पुरवणीतील पात्र नव्हे, तर त्या जागेविषयी आपल्याइतकाच अधिकार असलेली दुसरी सूत्रधार आहे, हे गृहीत धरून पहिली ओळ लिहावी.