ॲन रेडपाथ यांची पुष्पचित्रे : एक चिकित्सक टिपण

पाश्चात्य चित्रकलेत स्थिरचित्राकडे दीर्घकाळ दुय्यम प्रकार म्हणून पाहिले गेले. १६६७ साली आंद्रे फेलिबियां यांनी चित्रविषयांची जी उतरंड मांडली, तिच्या तळाशी फळे व फुले होती. त्यातून फुले रंगविणारी स्त्री असली, की ‘घरगुती’ या एका विशेषणात तिच्या कलेची बोळवण करणे सोपे जाते. स्कॉटिश चित्रकर्ती ॲन रेडपाथ (१८९५–१९६५) यांच्या तैलरंगातील पुष्पचित्रांना हे विशेषण कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

रेडपाथ यांचे बालपण दक्षिण स्कॉटलंडमधील हॉइक या कापडगिरण्यांच्या गावी गेले. त्यांचे वडील ट्वीड या लोकरी कापडाचे नमुने तयार करीत. वडील कापडात जे करीत, तेच आपण करड्या रंगमेळात लाल वा पिवळा ठिपका ठेवून करतो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पुष्पचित्रांचे मर्म यातच सापडते. पांढरे मेजवस्त्र, फिकट भिंत, चिनी मातीचे भांडे अशा करड्या-पांढऱ्या छटांत एखादे तांबडे फूल उमलते आणि त्याच्या सान्निध्यात प्रत्येक पांढरा रंग दुसऱ्याहून वेगळा दिसू लागतो. फूल येथे शोभेसाठी येत नाही. साऱ्या रंगसंगतीचा तोल त्यावर उभा असतो.

दुसरे वैशिष्ट्य अवकाशरचनेचे. टेबलाचा पृष्ठभाग वरून पाहिल्यासारखा प्रेक्षकाकडे कललेला असतो, तर त्यावरील फुलदाणी समोरून पाहिलेली असते. १९१९ साली मिळालेल्या प्रवास-शिष्यवृत्तीमुळे रेडपाथ यांना सिएना येथील प्राचीन चित्रे पाहता आली. त्या चित्रांचा आणि मातीस यांचा संस्कार या रचनेत जाणवतो. यथार्थदर्शनाचे नियम बाजूला ठेवल्याने कोणतीही वस्तू दुसरीच्या आड लपत नाही. प्रत्येकीला आपली जागा मिळते.

विवाहानंतर फ्रान्समध्ये तीन मुलांचे संगोपन करताना त्यांच्या हातून फारसे चित्रण झाले नाही. घरातील लाकडी सामान मात्र त्यांनी रंगविले. १९३४ मध्ये हॉइकला परतल्यावर त्या पुन्हा चित्रकलेकडे वळल्या. संसारातला अनुभव पुढे कलेतच परत आला, अशी त्यांची धारणा होती. तेव्हा घर त्यांच्या चित्रांत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते भावुकतेच्या नव्हे, तर मांडणीच्या शिस्तीच्या रूपाने आहे.

या कलेला मर्यादाही आहेत. १९५० नंतरच्या चित्रांत रंगांचे थर जाड होत जातात आणि काही ठिकाणी पोताच्या आकर्षणापायी फुलाचा आकार हरवतो. पूर्वीच्या चित्रांतील संयम तेथे शिथिल झालेला दिसतो.

१९५२ मध्ये रॉयल स्कॉटिश अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री चित्रकार ठरल्या. संस्थेने आपली दारे उघडली. समीक्षेची परिभाषा मात्र तितक्या सहज बदलत नाही. चित्रात काय आहे, या प्रश्नाशीच आपण थांबलो, तर फुले तळाशीच राहतील. ती कशी पाहिली आहेत, हा प्रश्न विचारला, तरच रेडपाथ यांचे यथार्थ मूल्यमापन शक्य होईल.