गाण्यातली श्रद्धा : बॉब मार्ले आणि वामनदादा कर्डक

मंडळी, मालेत येऊन रेगे संगीतावर बोलणार म्हटल्यावर आम्हाला विचारलं गेलं, "जमैकाचा आणि मुळशीचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आधी जमैकात जाऊ, मग परत इथे येऊ.

1930 साली इथिओपियात रास तफारी हा राजपुरुष हैले सेलासी या नावाने सम्राट झाला. गुलाम करून जमैकात आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांपैकी काहींना त्याच्यात देव दिसला. हाच रास्ताफारी पंथ. बायबलात ज्यू लोक बॅबिलोनच्या बंदिवासात जातात. ती गोष्ट या मंडळींनी आपलीच मानली. छळणारी सगळी व्यवस्था म्हणजे बॅबिलोन, आणि परतायचं घर म्हणजे आफ्रिका.

बॉब मार्ले (1945–1981) किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत वाढला. 1966 मध्ये सेलासी जमैकाला आला तेव्हा मार्ले अमेरिकेत कामाला होता. सम्राटाला पाहिलं ते त्याच्या पत्नीने, रिटाने. पुढे तोही या पंथात आला. त्याच्या जटा आणि गांजा आपल्याला टीशर्टवरून माहीत असतात. आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती एक कृती. सेलासीने 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांत वर्णभेदाविरुद्ध भाषण केलं होतं. मार्लेने 1976 मध्ये त्या भाषणाचंच 'वॉर' हे गाणं केलं. सभागृहातलं भाषण असं गल्लीत पोचलं.

इथे आम्हाला वामनदादा कर्डक आठवतात. जन्म 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत गिरणीत काम केलं, अक्षरओळख मोठेपणी झाली. पण बाबासाहेबांचा विचार त्यांनी हजारो गाण्यांतून वस्तीवस्तीत नेला. 1956 च्या धम्मदीक्षेचा अर्थ पुस्तकातून कळण्याआधी गाण्यातून कळला, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

साम्य एवढं दिसलं की आपण खूश होतो आणि थांबतो. आम्हाला थांबायचं नाही. 1974 मध्ये सेलासीला पदच्युत केलं गेलं, 1975 मध्ये तो वारला. मार्लेने लगेच 'जाह लिव्ह' हे गाणं काढलं : देव मरत नसतो. गाणं उत्तम आहे. पण ज्या सम्राटाच्या राज्यात 1973 मध्ये वोलो प्रांतात दुष्काळाने माणसं मेली, त्याला प्रश्न विचारायची सोय त्या गाण्यात राहत नाही. माणसाला देव केलं की हिशेब मागता येत नाही.

आता बाबासाहेबांनी तर 1949 मध्ये संविधान सभेत स्पष्टच बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते. तरी वामनदादांच्या गाण्यात भक्ती येतेच. बाबासाहेबांच्या जन्माने असंख्य कुळं तरली, असं ते गातात, तेव्हा शब्द अभंगाचे असतात. त्यांना दोष द्यावा का? आम्हाला वाटतं, नाही. ज्या माणसांसाठी गायचं, त्यांच्या कानाला ओळखीची भाषा तीच होती. आणि त्याच वामनदादांनी दुसरंही गाणं लिहिलं : बाबासाहेबांच्या मताचे पाच जण जरी असते, तरी चित्र निराळं असतं. हा बाण थेट आपल्याच अनुयायांवर आहे. भक्ती आणि तिची झाडाझडती एकाच कवीकडे सापडते. मार्लेच्या श्रद्धेत आम्हाला ही दुसरी बाजू उणी वाटते.

आता मालेकडे. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी पेठेतले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. सत्याग्रह हरला, जमिनी पाण्याखाली गेल्या. ते पाणी भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते, वीज मुंबईला जाते. टाटांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. तशाच एका गिरणीत राबलेले वामनदादा पुढे एका गाण्यात टाटा-बिर्लांना विचारतात, आमचा वाटा कुठे आहे? तो प्रश्न मुळशीच्या शेतकऱ्याच्या तोंडीही शोभला असता.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : मार्ले आवडीने ऐका, पण फोटो लावून थांबू नका. वामनदादा फक्त 14 एप्रिलला ऐकू नका. आणि दोघांनाही ऐकताना बघा, हे गाणं आपल्याला नुसते हात जोडायला लावतंय, की वाटाही मागायला लावतंय.