खेळायचा नाही, ठेवायचा

सुट्टीत नातू आला की दुपारी आमचा डाव ठरलेला. पूर्वी बदाम सात असायचं, आता ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आलंय. जादूगार, राक्षस, अरण्यं, दलदली. नियम समजायला मला चार दुपारी लागल्या. पण खेळ खरोखर बुद्धीचा आहे, हे आधीच कबूल करते. परवा त्याच्या डब्यात जाड प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेला एक पत्ता दिसला. म्हटलं, “हा काढ की, यानं खेळू.” तो दचकलाच. “नको आज्जी, तो खेळायचा नाही. तो ठेवायचा आहे.”

खेळातला पत्ता खेळायचा का नाही, हे समजून घ्यायला मी त्याच्याकडून आणि वाचून या खेळाची सगळी कहाणी काढली.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं हा खेळ रचला. नेहमीच्या कॅटमध्ये बावन्न पत्ते, सगळ्यांचे सारखे. इथे तसं नाही. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय आहे ते फोडल्यावरच कळणार. वर्षानुवर्षं पाकिटाचा हिशेब असा होता: पंधरा पत्ते, त्यांत अकरा साधे, तीन कमी मिळणारे आणि एक दुर्मीळ. यामागची मूळ कल्पना मला सुंदर वाटते. कोणाकडेच सगळे पत्ते नसतील, समोरचा माणूस असा पत्ता टाकेल जो आपण कधी पाहिलाच नाही, आणि आपण थक्क होऊ. दुर्मिळता तिथे खेळाची चाकर होती. लोक मोजकीच पाकिटं घेतील, हे त्यात गृहीत होतं.

लोकांनी मोजकी घेतली नाहीत. पहिल्या छपाईत प्रत्येक दुर्मीळ पत्त्याच्या जेमतेम ११०० प्रती होत्या. त्यातला ‘ब्लॅक लोटस’ आज लाखो रुपयांना जातो. नावातली गंमत पाहा. आपल्याकडे कमळ ही अलिप्ततेची खूण, पाण्यात राहून न भिजणारी. इथे त्याच नावाच्या कागदासाठी लिलाव होतात.

आपण बहुतेक जण व्यापारी घरच्या. कमी माल, जास्त भाव, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण सोनं कमी आहे कारण जमिनीतच ते कमी आहे. या पत्त्यांत कागद तोच, शाई तीच, यंत्र तेच. एक पत्ता भरपूर आणि दुसरा थोडा छापायचा, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. ही टंचाई निसर्गाची नाही, निर्णयाची आहे.

१९९५ मध्ये कंपनीनं बरेच जुने पत्ते पुन्हा छापले. खेळणाऱ्यांची सोय झाली. साठवणारे मात्र भडकले, त्यांच्या मालाचा भाव पडला. पुढच्याच वर्षी कंपनीनं एक यादी जाहीर केली: यातले पत्ते आम्ही पुन्हा छापणार नाही. माझ्या मते या खेळाचं खरं वळण हेच. खेळणारा आणि साठवणारा यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा वचन साठवणाऱ्याला मिळालं. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीनं ती कंपनीच विकत घेतली. २००८ मध्ये दुर्मिळाच्याही वर अतिदुर्मीळ अशी पायरी आली. पुढे खास साठवणाऱ्यांसाठी महागडी पाकिटं निघाली.

२०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त जुने पत्ते परत छापले. त्यात ‘ब्लॅक लोटस’ही होता. चार पाकिटं, ९९९ डॉलर. आणि हे पत्ते अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत! म्हणजे हजार डॉलरला खेळ वजा करून उरलेली दुर्मिळता. पुढच्या वर्षी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरच्या संचात अंगठीच्या पत्त्याची एक खास प्रत घातली, साऱ्या जगात एकच. ती पोस्ट मॅलोन या गायकानं सुमारे वीस लाख डॉलरांना घेतली. त्या कादंबरीत अंगठीचा मोहच माणसाला पोखरत जातो. ती कथा वाचूनही हे सुचावं, याचं मला नवल वाटतं.

पाकिटात पत्ते मिळतातच, मग हा जुगार कसा, असं कोणी विचारेल. मिळतात खरे. पण मूल पाकीट फाडतं ते एका पत्त्यासाठी. मी पाहिलंय ना: बोटं थरथरतात, बाकीचे पत्ते शेंगांच्या टरफलांसारखे बाजूला पडतात, आणि तो एक बघून चेहरा उतरतो. “अजून एक घेऊया ना आज्जी.” सप्तव्यसनांत द्यूत का सांगितलं, ते त्या चेहऱ्यावर कळतं. सुरुवातीच्या नियमांत तर एकेक पत्ता पणाला लावायची पद्धतही होती. ती पुढे सोडली, पण पण लावणं फक्त टेबलावरून दुकानात गेलं.

नातवाला बोलायला मात्र माझी जीभ उचलेना. माझा पोहेहार किती वर्षं लॉकरात आहे? ‘ठेवायचा आहे’ हे वाक्य तो आमच्याच घरात शिकला. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवर जडलेलं मन, हे स्वाध्यायात आपण कितीदा ऐकतो आणि घरी येऊन किल्ल्या मोजतो.

उत्तर मला त्याच खेळात सापडलं. ‘पॉपर’ नावाचा एक प्रकार खेळाडूंनीच रुजवला. २०१९ पासून त्याला कंपनीची पूर्ण मान्यता आहे. नियम एकच: जे पत्ते कधीतरी ‘साधे’ म्हणून छापले गेले, तेवढेच वापरायचे. नाव कंगालाचं, पण मला तो अणुव्रती श्रावकाचा खेळ वाटला. कंपनी मर्यादा घालते ती भाव चढावा म्हणून. इथे खेळणारा स्वतःवर घालतो, डाव रंगावा म्हणून. आपलं परिग्रह-परिमाण वेगळं काय सांगतं? तिथेही काही जुने साधे पत्ते महाग झालेत म्हणे. लोभाला फट सापडतेच.

आम्ही दोघांनी टाकून दिलेले पत्ते गोळा केले. बुटाच्या खोक्यात सहाशेवर निघाले, बहुतेकांकडे त्यानं नीट पाहिलंही नव्हतं. त्यांतून दोन जोड लावले. तीन दुपारी खेळलो, दोन डाव मी जिंकले. कव्हरातला पत्ता अजून डब्यात आहे. तो विक असं मी त्याला सांगितलेलं नाही. आधी लॉकर उघडून हार घालते, मग बोलेन.