कपटलेख, त्याचा कर्ता आणि त्याचा ग्राहक

जुन्या कागदांच्या संग्राहकास वाळवीची जितकी धास्ती असते तितकी बनावट कागदाची असत नाहीं. वाळवीनें खाल्लेला कागद डोळ्यांना दिसतो. बनावट कागद दफ्तरांत शिरला म्हणजे खऱ्या कागदांच्या पंक्तीस बसतो, त्याला क्रमांक मिळतो, कोणीतरी त्याचा आधार घेतो, आणि त्या आधारावर पुढें दुसरी इमारत उभी राहते. असा कागद करणारा मनुष्य बहुधा पैशासाठीं तें काम करतो हें उघड आहे. परंतु तो कागद खपतो कां, ह्या प्रश्नाकडे आपलें लक्ष कमी जातें. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर वाङ्मयांत कितपत सांपडतें हें पाहण्यासाठीं आम्ही येथें दोन ग्रंथ घेतले आहेत. एक विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस' नाटक, व दुसरी आल्फोंस दोदे ह्या फ्रेंच ग्रंथकाराची इ. स. १८८८ त प्रसिद्ध झालेली 'लिम्मॉर्तेल', म्हणजे 'अमर', ही कादंबरी. दोहोंतही खोट्या कागदामुळें एका प्रतिष्ठित पुरुषाचा घात होतो.

हा रोग नवा नाहीं. कूटशासन, म्हणजे खोटी राजाज्ञा, करणारास मनुस्मृतीनें देहान्त शिक्षा सांगितली आहे. जो अपराध घडतच नाहीं त्याला शिक्षा सांगण्याचें कारण पडत नाहीं. आझमगड जिल्ह्यांत मधुबन येथें सांपडलेला सम्राट् हर्षाचा ताम्रपट (हर्ष संवत् २५, सुमारें इ. स. ६३१) असें सांगतो कीं, सोमकुंडका हें गांव वामरथ्य नांवाचा ब्राह्मण कूटशासनाच्या बळावर उपभोगीत होता, म्हणून तें शासन मोडून गांव दुसऱ्या दोघां ब्राह्मणांस दिलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वामरथ्याचें शासन खोटें होतें हें आपणांस ज्यानें गांव काढून घेतलें त्याच्याच कागदावरून कळतें. वामरथ्याचें म्हणणें आपणांपर्यंत आलेलें नाहीं. पुढें इ. स. १९०१ त डॉ. फ्लीट ह्यांनीं 'इंडियन अँटिक्वेरी'त बनावट लेखांची एक यादीच प्रसिद्ध केली. आमच्याकडे इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत इनामांची चौकशी झाली, तेव्हां जुनी सनद दाखवितां येणें हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. अशा वेळीं हरवलेली सनद एकाएकीं 'सांपडण्याचा' मोह किती अनिवार असेल, हें दफ्तरें चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

आतां 'मुद्राराक्षसा'कडे वळूं. के. काशीनाथ त्रिंबक तेलंग ह्यांनीं इ. स. १८८४ त मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत त्याची आवृत्ति काढली. नाटकाच्या कालाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. कर्तव्य आहे तें चाणक्याच्या पत्राशीं. हें पत्र कसें घडलें तें पाहावें. राक्षसाची अंगठी चंदनदासाच्या घरीं हेरास सांपडली व ती चाणक्याच्या हातीं आली. राक्षसाचा विश्वासू लेखक शकटदास ह्याच्याकडून, कोणीं कोणास लिहिलें तें न घालतां, सिद्धार्थकानें मजकूर लिहवून घेतला, आणि त्यावर त्या अंगठीची मुद्रा झाली. म्हणजे अक्षर खरें, मुद्रा खरी, आणि कागदशाई त्या दिवसाचीच. आज आपण ज्या ज्या बाह्य कसोट्या लावतों त्या सर्वांस तें पत्र उतरतें. त्यांत खोटा आहे तो केवळ संबंध.

पांचव्या अंकांत हें पत्र मलयकेतूच्या छावणींत पकडलें जातें. शकटदासास बोलावून विचारावें, ही साधी गोष्ट कोणालाही सुचावी. परंतु चाणक्याचाच माणूस असलेला भागुरायण मलयकेतूस असें पटवितो कीं, राक्षसासमोर शकटदास खरें सांगणार नाहीं. त्यापेक्षां त्याचें दुसरें एखादें लेखन आणवून अक्षर ताडून पाहावें. अक्षर ताडलें जातें, तें जुळतें, आणि राक्षसाचा घात होतो. आमच्या मतें सबंध नाटकांत संशोधकानें वारंवार वाचावें असें हेंच स्थळ आहे. येथें परीक्षा झाली नाहीं असें नाहीं. परीक्षा झाली, ती शास्त्रशुद्ध झाली, आणि ती शास्त्रशुद्ध परीक्षाच साक्षीदारास दूर ठेवण्याचें साधन झाली. मलयकेतूच्या मनांत राक्षसाविषयीं संशय आधींच पेरलेला होता. ज्याला उत्तर अगोदर हवें आहे त्याच्या हातांत उत्तम कसोटीही कपटाचें हत्यार होते.

विशाखदत्त एवढ्यावर थांबत नाहीं. पत्रांत तीन अलंकार पोहोंचल्याचा उल्लेख आहे, आणि राक्षस त्या वेळीं जो अलंकार घालून आला आहे तो मलयकेतूच्या मृत पित्याचा, पर्वतकाचा, निघतो. तो राक्षसानें विकत घेतलेला होता. दुसऱ्या अंकांत तीन अलंकार विक्रीस आले आहेत असें कळतांच, योग्य किंमत देऊन घ्यावे, एवढेंच तो सांगतो. ते कोणाचे, विकणारा कोण, हें विचारीत नाहीं. नंद राज्याचा अमात्य, शत्रूच्या प्रत्येक डावावर डोळा ठेवणारा, बाजारांत मात्र सामान्य ग्राहकासारखा वागतो. वस्तु चांगली आहे व किंमत वाजवी आहे, एवढ्यावर ज्यांनीं आयुष्यांत कधीं व्यवहार केला नाहीं असे संग्राहक फार थोडे असतील. राक्षसाच्या ह्या चुकीवर आपणांस हंसतां येत नाहीं, ह्याचें कारण हेंच.

दोदेच्या कादंबरीमागें एक खरी घटना आहे. मिशेल शाल हा एकोणिसाव्या शतकांतील नामांकित भूमितिशास्त्रज्ञ. व्रें-ल्यूका नांवाच्या इसमानें सुमारें आठ वर्षांत त्याला सत्तावीस हजारांहून अधिक बनावट पत्रें विकून लाखावर फ्रँक उपटले. क्लिओपात्रा सीझरला लिहिते तें फ्रेंच भाषेंत, आणि तेंही कागदावर! तरी शालनें तीं पत्रें घेतलीं. इ. स. १८६७ त त्यानें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें पास्कालचीं पत्रें ठेवलीं. त्यांवरून गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधीं पास्कालला लागला होता असें ठरत होतें. सर डेव्हिड ब्रूस्टर ह्यांनीं हरकत घेतली. पत्रांच्या तारखांप्रमाणें पास्काल ज्याच्याशीं गहन शास्त्रचर्चा करतो तो न्यूटन त्या वेळीं अकरा-बारा वर्षांचा पोर होता. आणि येथें एक चमत्कार होऊं लागला: हरकत निघाली कीं थोड्याच दिवसांत तिचें समाधान करणारें नवें पत्र शालच्या हातीं येई. ग्राहकाची अडचण हीच विक्रेत्यास मागणी झाली. फेब्रुवारी १८७० मध्यें व्रें-ल्यूकास दोन वर्षांची कैद झाली.

दोदेनें ह्या घटनेवरून आस्तिए-रेयू हा अकादमीचा सभासद व फाज हा त्याला फसविणारा कुबडा पुस्तकबांधणीवाला, अशीं पात्रें उभीं केलीं. अकादमीची टर उडविणें हा त्याचा मुख्य हेतु, आणि तो त्यानें साधला आहे. परंतु कपटलेखाचें मर्म त्याच्या हातून निसटलें असें आम्हांस वाटतें. त्यानें फसलेल्यास गर्विष्ठ मूढ केलें व शेवटीं त्याला सेन नदींत जीव द्यावयास लावला. अशा माणसाची कथा वाचून वाचक सुखावतो. 'आपण असे नाहीं' एवढाच बोध घेऊन पुस्तक मिटतो. खरा शाल मूढ नव्हता. त्याची भूमिति आजही मान्य आहे, आणि तो ह्या नामुष्कीनंतर दहा वर्षें जगून इ. स. १८८० त वारला. त्याला ज्यानें आंधळें केलें तो देशाभिमान होता, आणि हा विकार कोणत्याही देशाच्या इतिहासभक्तास परका नाहीं. विशाखदत्तानें फसणारा राक्षस चाणक्याच्या तोलाचा दाखविला; दोदेनें फसणारा लहान केला. म्हणून कलेच्या व सत्याच्या दोन्ही दृष्टींनीं आम्ही जुन्या नाटकास वरचें स्थान देतों.

ह्या बाबतींत मध्य आशियांतील एक प्रकरण दोन्ही ग्रंथांहून अधिक बोलकें आहे. इ. स. १८९० त कुचा येथें लेफ्टनंट बॉवर ह्यांस भूर्जपत्रावरील एक अस्सल पोथी मिळाली, डॉ. हर्न्ले ह्यांनीं ती वाचून प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून काश्गरांतील इंग्रज व रशियन प्रतिनिधींमध्यें जुन्या पोथ्यांसाठीं चढाओढ लागली. खोतान येथील इस्लाम आखून ह्यानें ही चढाओढ ओळखली. प्रथम तो खऱ्या तुकड्यांवरील ब्राह्मी अक्षरांचें अनुकरण करी. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं, घेणारांस तीं अक्षरें वाचतांच येत नाहींत. तेव्हां अनुकरणाचे श्रम कशास? मग मनास येतील त्या खुणा निघूं लागल्या, आणि त्यानेंही मागणी पुरेना तेव्हां लांकडी ठशांनीं पानें छापलीं जाऊं लागलीं. कागद झाडाच्या चिकानें रंगवावा, धुरांत टांगावा, पानांत वाळू घालावी, कीं पोथी प्राचीन झाली. हर्न्ले ह्यांच्यासारखा पंडित ह्या लिपींचा उलगडा करण्यांत गुंतला, व त्यांवरील निबंध इ. स. १८९९ त प्रसिद्धही झाला. इ. स. १९०१ च्या एप्रिलांत ऑरेल स्टाइन ह्यांनीं खोतान येथें इस्लाम आखूनास समोर बसवून सर्व वदवून घेतलें. त्यांनीं जें केलें तें मलयकेतूनें केलें नाहीं: कागदास विचारण्याऐवजीं माणसास विचारलें. शिवाय वाळवंटांत स्वतः खणून काढलेल्या पोथ्यांत त्या अज्ञात लिपीचें एकही पान निघालें नव्हतें, हा पुरावा त्यांच्यापाशीं होता.

ह्या विषयांत दुसऱ्यांस शहाणपण सांगण्यापूर्वीं आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एक मोडी पत्र आमच्याकडे विक्रीस आलें. आम्ही एका घराण्याविषयीं जें मत मांडलें होतें त्याला तें हुबेहुब पुष्टि देत होतें. जंत्रीशीं ताडतां तिथि व वार जुळेनात. आम्हीं तो नकलकाराचा प्रमाद ठरविला आणि पत्र घेतलें. पुढें त्याच प्रकारचा वाराचा मेळ नसलेलें दुसरें पत्र पाहण्यांत आलें. तें आमच्या मताविरुद्ध होतें, आणि तें आम्हीं एका क्षणांत बनावट ठरवून परत केलें. त्या रात्रीं पहिलें पत्र पुन्हा काढून पाहिलें तेव्हां शरम वाटली. तें खोटेंच होतें असें आजही आमच्यानें म्हणवत नाहीं. पण त्याची परीक्षा आम्हीं केली नव्हती, आमच्या इच्छेनें केली होती. त्या पत्राचा आधार आम्हीं तेव्हांपासून सोडला आहे.

ह्यावरून आम्हांस सुचतें तें थोडक्यांत असें. पानांच्या संख्येवर कागदांचा भाव ठरवूं नये. तसा भाव ठरला कीं पानें वाढतात. कागदाबरोबर तो कोणाच्या घरून, कोणामार्फत व केव्हां आला हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. ज्यास हें सांगतां येत नाहीं त्याची किंमत कितीही वाजवी असो, राक्षसाचे अलंकार आठवावे. जो कागद आपल्या मतास फार गोड लागतो तो आपल्या मताच्या विरोधकाकडून तपासून घ्यावा. आणि चूक झालीच तर ती छापून कबूल करावी. हर्न्ले ह्यांनीं इ. स. १९०१ च्या आपल्या निबंधाच्या उत्तरार्धांत, ज्या पोथ्यांवर त्यांचे इतके श्रम खर्ची पडले होते त्या बनावट ठरल्याचें नमूद केलें. बॉवर पोथीवरील त्यांच्या कामास त्यामुळें बट्टा लागला नाहीं. इस्लाम आखूनाचीं पानें आजही लंडनच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेलीं आहेत, आणि त्यांवर तीं बनावट असल्याची नोंद आहे. आपल्या दफ्तरांतील ज्या कागदांवर अशी नोंद व्हावयास हवी, ती करण्याचें काम आपलेंच आहे.