गंध, स्मृति आणि राबाचा धूर

अनुभवाचा जो ठसा चित्तावर नकळत राहतो त्यास आमच्या शास्त्रकारांनीं 'वासना' हें नांव दिलें. वासित करणें म्हणजे सुगंध देणें. तीळ फुलांच्या थरांत ठेवले म्हणजे फुलें टाकून दिल्यावरहि त्यांचा वास तेलांत उतरतो. तसा अनुभव सरला तरी त्याचा वास मनांत राहतो, अशी ही कल्पना. गंध आणि स्मृति यांची गांठ ज्या भाषेनें एका शब्दांत बांधली, तिच्या वारसदार मराठीनें तो शब्द विषयलालसेपुरता आकुंचित करावा, आणि संस्कृतांतील 'घ्राण' या शब्दाची 'घाण' करून टाकावी, ही आम्हांस केवळ भाषाशास्त्रांतील गंमत वाटत नाहीं. आमच्या साहित्याची नाकाविषयींची उदासीनता तींत उघडी पडली आहे.

अर्थात् तिचें मूळ जुनें आहे. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें कानीं पडतांच दुष्यंत अकारण व्याकुळ होतो, आणि या हुरहुरीचें मूळ जन्मांतरींच्या स्नेहांत असावें असा तर्क करतो. त्या प्रसिद्ध श्लोकांत स्मृति जागविणारीं इंद्रियें दोनच: डोळा आणि कान. परंतु याच कवीनें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत, माती खाल्लेल्या गर्भवती सुदक्षिणेचें मुख हुंगणाऱ्या दिलीपाला, उन्हाळा सरतांना पावसाच्या थेंबांनीं भिजलेलें रानांतील डबकें हुंगणाऱ्या हत्तीची उपमा दिली आहे. येथें चंदन नाहीं, कस्तूरी नाहीं. मातीचा वास आहे, आणि तो वर्षांतील एका नेमक्या क्षणाचा आहे. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण होय, हें न्यायशास्त्राचें रुक्ष वचन कालिदासानें असें सजीव केलें.

मराठीपुरतें बोलावयाचें तर, ज्ञानेश्वरांच्या एका विराणींत अवचित आलेला सूक्ष्म परिमळ विरहिणीला कृष्णाच्या आगमनाचा भास घडवितो व तिला घराबाहेर ओढून नेतो. तेथें गंध कार्य करतो. पुढील कवितेंत तो बहुधा शोभेला बसलेला आढळतो. मोगरा, केवडा, बकुळ, पारिजातक हीं नांवें इतक्या हातांतून गेलीं कीं त्यांचा वास उडून गेला. गद्याचीहि तीच तऱ्हा. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथेचें नांव 'स्मृतिचित्रें'. पुस्तक थोरच आहे, पण आठवण म्हणजे चित्र हें आपण सारेच किती सहज धरून चालतों!

प्रूस्तच्या १९१३ सालच्या कादंबरींतील चहांत बुडविलेल्या केकचा दाखला आमच्याकडे फार चघळला गेला आहे. त्यांतील मर्म मात्र निसटतें. तो केक नुसता पाहून निवेदकाला कांहींच आठवलें नव्हतें. आणि तो पदार्थ अगदीं साधा, घरगुती होता. गंधाचा संदेश इतर इंद्रियांप्रमाणें थॅलॅमसच्या चौकीवर न थांबतां मेंदूंतील भावना व स्मृति यांच्या केंद्रांकडे पोंचतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. सभ्य आणि असभ्य वास ही निवड त्या वाटेवर कोणी करीत नाहीं. ती लेखक करतो.

घाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे तालुके उदाहरणादाखल घेऊं. तेथील भातशेतकऱ्याच्या मुलाला परमुलखांत घर आठवून देणारा वास मोगऱ्याचा असण्याचा संभव थोडा. तो राबाचा असेल. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रोपाच्या जागेवर रचतात, वर माती पसरतात, आणि पेटवितात. आग भडकूं द्यावयाची नसते, धुमसत ठेवावयाची असते. तणाचें बीं जळतें, राखेचें खत होतें, आणि पावसाच्या तोंडावर तेथें भात पेरतात. त्या धुरांत शेणाचा उग्रपणा, पाल्याचा तिखटपणा आणि भाजल्या मातीचा खरपूसपणा एकवटलेला असतो. पुढें त्याच जळक्या तुकड्यावर पहिली सर पडली म्हणजे जो वास उठतो त्यास मृद्गंध म्हणून भागत नाहीं. त्यांत राख आहे. राबासाठीं फांद्या तोडण्यावरून ठाणें व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत जंगलखात्याशीं एवढा तंटा झाला कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. सरकारी दप्तरानें ज्या धुराची दखल घेतली, त्याची आमच्या कवितेनें क्वचितच घेतली.

कर्जत स्टेशनचेंहि तसेंच. घाट चढण्यासाठीं मागून इंजिनें जोडावीं म्हणून गाडी थांबते, आणि तेवढ्यांत बटाटेवड्यांचा वास डब्यांत शिरतो. मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्यांची सह्याद्रीची आठवण या तळणाला बांधलेली आहे. लेखणी मात्र सह्याद्रि म्हटला कीं धुकें घेऊन बसते.

शब्दांची वाण आहे म्हणावें तर खमंग, करपट, कुबट, खवट, ओशट, आंबूस यांत ज्या छटा आहेत त्या सुगंध, सुवास, परिमळ या तिघांत मिळून नाहींत. हे शब्द स्वयंपाकघरांत आणि कोठारांत घडले. भाताच्या एका जातीला 'आंबेमोहोर' म्हणणाऱ्या शेतकऱ्यानें तर एका वासाची आठवण दुसऱ्याला कायमची जोडून दिली.

हा वाद नुसत्या रुचीचा असता तर आम्हीं तो वाढविला नसता. मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग २००२ सालीं पुरा झाला. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांवर आज बंगले आणि इमारती उठत आहेत. जेथें खाचर नाहीं तेथें राब नाहीं. रूप छायाचित्रांत राहतें, गाणें ध्वनिमुद्रिकेंत राहतें. या धुराला शब्दांवांचून ठेवावयास जागा नाहीं. आणि तें वर्णन खरें कीं खोटें हें सांगणारें नाक जोंवर जिवंत आहे तोंवरच त्याची परीक्षा व्हावयाची.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ची (१९५६) मांडणी महिन्यांवर आहे, ती म्हणूनच आम्हांस नुसती सोय वाटत नाहीं. वासाला तिथि असते. कर्जत-खालापूरकडील कोणी लेखक तशी बारमाही लिहावयास घेईल तर त्यानें फाल्गुनापासून आरंभ करावा, आणि मोगऱ्याची पाळी येईल तेव्हां हात जरा आंखडता घ्यावा.